गल्लीतला चहा आणि कुसुम

कुंकवाला मी एकदा कारखान्याचा रंग ठरवलं होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी जागा नाही. तेव्हा मी रसायनशास्त्राची नवीकोरी डॉक्टर होते. इथल्या लष्कर नावाच्या वस्तीतल्या एका गल्लीत भर उन्हात पांढरा कोट घालून उभी राहायचे, विज्ञान आलंय हे लोकांना कळायला नको का! तिथल्या विहिरीच्या पाण्यात मला रंग सापडला आणि शेजारच्या कपडे रंगवणाऱ्याला सगळ्यांदेखत दोषी ठरवून मी मोकळी झाले. मग समाजशास्त्र विभागातली कुसुम वाईकर माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आदल्याच दिवशी गल्लीतल्या एका बाळंतिणीने विहीर पुजली होती. ही इकडची, हिंदी मुलखातली रीत, इथल्या आपल्या मराठी घरांनीही उचललेली. हळद, कुंकू, गूळ, सगळं पाण्यात गेलं होतं. "बाटली बुडवायच्या आधी विचारत जा गं कुणाला तरी," एवढंच ती म्हणाली. मी रंगाऱ्याची माफी मागायला गेले, तर त्याने मला सरबत पाजलं. त्या सरबताचा राग अजून गेलेला नाही.

ती कुसुम गेल्या महिन्यात गेली. फोन नातीने घेतला होता. "आजी, कुसुमआजी..." म्हणून ती थांबली आणि पुढचं हिंदीत बोलायला लागली, तिथेच मला कळलं. वाईट बातमी आमच्या घरात हिंदीतच येते.

त्या कुंकवानंतर आम्ही दोघींनी मिळून काम करायचं ठरवलं. पाणी मी तपासायचं. ते कोण पितं, कोण नुसतं भांड्यांना वापरतं, हे कुसुमने विचारायचं. दोन्ही विभागांत चेष्टा झाली. माझे साहेब म्हणाले, पाण्याच्या अभ्यासात गप्पांचं काय काम? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मी बाटल्या भरून, चिठ्ठ्या चिकटवून निघायचे, आणि ही कुणाच्या तरी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेली. घरोघरी चहा. मी मात्र घरून उकळलेलं पाणी घेऊन जायचे आणि दिलेल्या कपाला हातही लावायचे नाही. केवढा तो तोरा!

पुढे त्याच विहिरीत खरोखरच विष निघालं. भांड्यांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं पाणी आत झिरपत होतं. या वेळी मी पुन्हा पुन्हा तपासलं, मग गल्लीत सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घागरी विहिरीत सोडल्या. माझ्या त्या पहिल्या चुकीने माझा शब्द कवडीमोल केला, असंच मी धरून चालले. कुसुमला म्हटलं, निदान तू तरी तो चहा सोड. ती म्हणाली, "चहा नाकारला की दार बंद. मग तुझे आकडे मी भिंतींना सांगू?" आमच्या अहवालात मीच वाक्य घातलं, की रहिवाशांचा तपासणीवर विश्वास नाही. कुसुमने ते खोडलं, मी परत लिहिलं. अहवाल गेला. नळ यायला मात्र त्यानंतर बरीच वर्षं गेली...

आणि मग कुसुमच्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या खुर्चीत बसून ती माझी थट्टा करायची, मी हसायचे, आणि मनात कप मोजत राहायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, इतक्या वर्षांनंतर नक्की काही सांगता येणार नाही. जन्मभर पुरावा पुरावा करणारी मी, त्या 'नक्की नाही'ने मला झोप लागेना. मी कुंकवापाशी फसले नसते, तर तिला गल्लीचा विश्वास असा घोट घोट पिऊन कमवावा लागला असता का?

कुसुमच्या तेराव्यानंतर मी त्या गल्लीत गेले. ओट्यावर शांताबाई मोहिते बसल्या होत्या. कुसुम सगळ्यात जास्त बसायची ती यांच्याकडे. त्यांच्या यजमानांनाही शेवटी किडनीनेच नेलं. मी काही न विचारता सगळं ओकून टाकलं... माझी चूक, तुमचा अविश्वास, तिचे ते चहा. बाईंनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. मग म्हणाल्या,

"त्यांच्या चहाला आम्ही विहिरीचं पाणी कधी घेतलंच नाही, बाई. नया बाजारातून नळाची एक कळशी आणून वेगळी झाकून ठेवायचो. तुम्ही सांगितलं होतं ना खराब आहे म्हणून, मग पाहुण्याला तसलं कोण देईल? एक कळशी व्हायची कशीबशी. सगळ्या घराला पुरेल एवढं कुठून आणणार होतो?"