मामा टोकतात

माझे मामा समाजसेवा करतात. हे मी सांगायची गरज नाही, ते स्वतःच सांगतात. भाजीवाल्याला सांगतात, लिफ्टमध्ये भेटलेल्याला सांगतात, आणि तोंडात चिमटा असतानाही त्यांनी दाताच्या डॉक्टरला सांगून पाहिलं होतं. नोकरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल शाई ओतली. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला घरात मामीच उरली. तिने आठवडाभर सहन केलं आणि मग त्यांना वाचनालयाच्या माडीवर, प्रौढांच्या वर्गात फुकट शिकवायला पाठवून दिलं. घरातली ब्याद समाजावर ढकलायचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

मीही तिथेच शिकवते. माझ्या टेबलावर अक्षरओळख, शेजारच्या टेबलावर मामांचं इंग्रजी संभाषण. म्हणजे संभाषण मामा करतात, बाकीचे ऐकतात. कुणी वाक्य सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला मामांचं बोट वर जातं. मग चूक, मग त्या चुकीमागचं कारण, आणि कारण संपेपर्यंत वर्ग सुटतो. त्या टेबलावर एखादं वाक्य शेवटपर्यंत पोचलेलं मी कधी पाहिलं नाही.

‘‘पाया पक्का हवा,’’ मामा म्हणतात. विद्यार्थीही इतके वळणावर आलेत की दोन शब्द बोलले की आपणहून थांबतात.

त्यांतल्या सगळ्यात वळणावर आलेल्या म्हणजे इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बाई. चादरींच्या वाफेत वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे गुडघे गेलेत. तिथल्या सुपरवायझरची जागा निघाली होती. खुर्चीवर बसून करायचं काम. यंत्रं बाईंच्या हातातली होती, पण यंत्रांच्या कंपनीच्या लोकांशी इंग्रजीत बोलावं लागतं म्हणून मुलाखत इंग्रजीत. त्या एका खुर्चीसाठी बाई ड्युटी संपल्यावर माडीचा जिना चढायच्या, कठड्याला धरून.

मी मामांना म्हटलंही होतं, ‘‘त्यांना एकदा तरी शेवटपर्यंत बोलू द्या.’’

‘‘चुकीचं बोलू देऊ?’’

‘‘द्या की.’’

मी वाचनालयाला काडी लावायला निघालेय अशा नजरेने मामा माझ्याकडे बघत राहिले.

मुलाखतीला मामा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना आवरायला म्हणून मीही गेले. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, आम्ही बाहेरच्या बाकावर. साहेबांनी विचारलं, यंत्र बंद पडलं तर काय कराल?

‘‘फर्स्ट, आय स्टॉप...’’ बाईंनी झकास सुरुवात केली आणि त्या थांबल्या.

साहेब वाट बघत राहिले. बाईही वाट बघत राहिल्या, अगदी शहाण्या मुलीसारख्या. साहेबांनी दुसरा प्रश्न टाकला. ‘‘आय टेल...’’ पुन्हा गप्प. मग माझ्या लक्षात आलं. बाई बोटाची वाट बघत होत्या. आणि बाहेर बाकावर मामांचं बोट वर गेलेलंही होतं.

यांचं इंग्रजी एवढंच, असं साहेबांना वाटलं. त्यांनी ‘थँक यू’ म्हणून पुढच्याला आत घेतलं. दुपारी निकाल कळला. जागा त्या पुढच्यालाच गेली.

‘‘मी म्हणतच होतो,’’ मामा म्हणाले. आवाजात वाईट वाटणं कमी आणि समाधान जास्त. ‘‘अजून कच्च्या आहात. आणखी एक वर्ष या.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र शांत होत्या.

‘‘सर, मला येत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यंत्र बंद करायचं, मेन स्विच पाडायचा, वॉर्डांना कळवायचं, सगळं इंग्रजीत तयार होतं. तुम्ही टोकाल म्हणून मी थांबले. आणि...’’

मामांचं बोट वर गेलं. ‘‘त्याचं काय आहे बाई, मुळात...’’

‘‘सर, माझं बोलून व्हायचंय अजून.’’

मामांचं बोट वरच राहिलं.

‘‘आणखी एक वर्ष म्हणता. ते वर्ष त्या वाफेत मला उभं राहायचंय, तुम्हाला नाही.’’

एवढं बोलून त्या धुलाईखान्याकडे गेल्या. त्यांची पाळी सुरू झाली होती.