कचरूभाऊजींची वळख

"मोळी गेली त्याचं मला काय नाय. पण सायबानं इचारलं, हिला वळखतो का, तर तू 'नाय' म्हणलास! सख्ख्या बहिणीला?"

मी चुलीपुढं भाकरी थापत होते, नवी नवरी. भांडत होत्या माझ्या नणंद, गोजरआक्का. समोर मान खाली घालून माझे धाकटे दीर, कचरूभाऊजी. कन्नडच्या पुढं जंगलाला लागून आमचं गाव. भाऊजी जंगलात रोजंदारीवर राखणीला लागून आठच दिवस झाले होते, अन् पहिलीच मोळी धरली ती आक्काची. बहीण म्हणलं तर नोकरी जाईल, या भेवानं त्यांच्या तोंडून 'नाय' निघून गेलं.

पन्नास वर्षं होत आली. आता आम्ही सगळे शहरात, पुंडलिकनगरात. आक्का लेकाकडं, दोन गल्ल्या पलीकडं. भाऊजी माझ्याकडं, बायको गेल्यापासून एकटेच. त्यांनी त्या जंगलात हजारो रोपं लावली, उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणवठे भरले, वणवा विझवताना मिशा जाळून घेतल्या. पण आक्का त्यांच्याशी बोलल्या नायत. समोरासमोर बसल्या तरी निरोप माझ्यामार्फत. मी म्हणजे घरातलं टपालखातं.

यंदा माझा नातू सम्यक म्हणाला, "आज्जी, सगळे मिळून गौताळ्याला, तुमच्या जुन्या जंगलात फिरायला जाऊ." आमच्या काळी जंगलला जायाचं म्हणजे तांब्या घेऊन. आता डबे घेऊन जातात. भाऊजी मात्र पोरावानी फुलले. जीप ठरवली. चढ कुठं हाय, आक्काचे गुडघे कुठवर चालतील, बसायला सावली कुठली, सगळं मांडून बसले. मला हळूच म्हणाले, "वहिनी, आक्का आली पायजे. जंगलाच्या नाक्यावर सगळ्यांदेखत सांगतो, ही माझी बहीण. तिथंच 'नाय' म्हणलो होतो ना."

आक्का घरी आल्या तवा सम्यक सगळ्यांची नावं लिहीत होता. "आत्याआज्जी, तुमचं ओळखपत्र लागंल."

आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कशाला? त्याला इचारा, वळखतो का मला."

भाऊजी हसायला गेले, जमलं नाय. "वहिनी, तिला सांगा, लई झालं आता. चुकलो म्हणावं."

"त्याला सांगा, एवढी वर्षं लागली व्हय हे म्हणायला? मी येत नाय."

"आता तुमचं तुम्ही बोला," मी म्हणाले, "माझं तोंड दुखलं." कुणी हसलं नाय. आक्का उठून घरी गेल्या.

जीप रविवारी सकाळी यायची होती. आली, पण भाऊजी झोपेतच गेले होते. सम्यकनं ती दारातूनच परत पाठवली. आक्का आल्या, त्यांच्या पायाशी बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याजवळ कुठलाच निरोप दिला नाय.

आदल्या सांजेला मी भाऊजींसंगं क्रांती चौकात गेले होते, माझा चष्मा आणायचा होता. दर महिन्यासारखं ते औषधाच्या दुकानात शिरले. "माझ्या बहिणीच्या गोळ्या द्या," म्हणाले. दुकानदारानं चिठ्ठीबी मागितली नाय. येताना आक्काच्या दारी थांबलो. आत टीव्ही चालू होता. भाऊजींनी पिशवी कडीला अडकवली, दोनदा दार वाजवलं, अन् कुणी उघडायच्या आत जिना उतरले.