पंख्याची घरघर

नवा कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला. सूचना नाही, कुरकुर नाही. लिहिता लिहिता पडदा काळा झाला आणि त्यात माझाच घाबरलेला चेहरा दिसला. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "काकू, सीपीयूच्या डब्यावर काही झाकलंय का?"

झाकलं होतं. धूळ बसू नये म्हणून मीच हौसेनं विणलेलं क्रोशाचं जाड कव्हर.

"काढा ते. आत फार तापलं की तो बंद पडतो."

कव्हर काढून डब्याला हात लावला, तर चटकाच बसला. एवढा तापला होता आणि मला बाहेरून पत्ता नव्हता.

आमचे हेही असेच. गेल्या महिन्यात जिन्यातच बसलेले सापडले, घामाने ओलेचिंब. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, जरा दम लागला." मी विश्वास ठेवला. ठेवणं सोपं होतं म्हणून ठेवला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आता त्याच्या पंख्याची घरघर मोकळी ऐकू येतेय. पण आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते, त्या पानांचा आवाज मघापासून थांबलाय.

"अहो?"

कव्हर मुठीत धरून मी उभी आहे.

"अहो, ऐकताय ना?"