कार्डावरचं कुंकू

नवी वस्तू दिसली की मावशींची अनामिका आपोआप वर व्हायची. ते बोट कायम लाल. "आधी कुंकू, मंग हिशेब," म्हणायच्या. शहापुरातल्या आमच्या त्या घरमालकीणबाई. कुकर, सायकल, शेगडी, कुणाचीही असो. तेलात कालवलेलं कुंकू लागेपर्यंत वस्तू घरात आली असं त्या मानायच्याच नाहीत. तुमच्याही आळीत असं एखादं लाल बोट असेलच.

मोबाइल नुकते दिसू लागले होते, तेव्हा मी क्रेडिट कार्ड घेतलं. घरखर्च करा, थोडे पैसे परत मिळवा! मी स्वतःला तालुक्याची अर्थमंत्री समजू लागले. दूधवाला कार्ड घेत नव्हता, गिरणीवाला घेत नव्हता, मुरबाडहून येणारी सुकटवाली तर कार्ड बघून पोट धरून हसली. घेणारं दुकान एकच, हायवेवरचं, आणि तिथे सगळंच महाग. तरी मी साबणाची वडीसुद्धा रिक्षा करून तिथूनच आणायची.

"पैसे परत देतात? मंग आधीच कमी घ्या म्हणावं."

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. दिवाळीपर्यंत कार्डाची फी वसूल झाली नाही तर कात्रीने कापीन, असं त्यांनी बजावलं. झालं, माझ्या इज्जतीचा सवाल! आळीतल्या बायकांना मी गळ घातली, "दिवाळीचं सामान माझ्या कार्डावर घ्या, रोख मला द्या." मावशी सगळ्यांत पुढे. कार्डाला यश यावं म्हणून दसऱ्याला त्यांनी इळ्या-कोयत्यांच्या रांगेत तेही मांडलं आणि मागच्या काळ्या पट्टीवर ठसठशीत स्वस्तिक काढलं.

दुकानात पिशव्या भरल्या आणि मशीन कार्ड वाचेना. दुकानदार कार्ड ओढून ओढून दमला.

"मशीनला कुंकू लावलंय काय रे?" म्हणत मावशींनी डबी काढली. तो मशीन छातीशी धरून मागे सरला.

बायकांनी आपापली रोकड मोजली. माझ्या पिशवीचे पैसे मावशींनी भरले.

घरी येऊन मी हुशारीने कार्ड तारेच्या घासणीने घासलं. पट्टी गेली, कुंकू राहिलं.

ह्यांनी कात्री काढली, तोच मावशी दारात.

"मास्तर, मी इळा पुजते, तो मोडते काय? पुजलेलं कापायचं नाय."

कात्री खणात गेली. कार्ड देव्हाऱ्यात गेलं. पुढच्या वर्षीची फीसुद्धा ह्यांनी निमूट भरली; देवाचं कार्ड बंद कसं करायचं?

पुढे काही वर्षांनी मावशी वारल्या. त्यानंतर आमच्याकडे नवी स्कूटर आली. सगळ्यांना चक्कर मारायची घाई. मी उगाच शेजारच्या बंद दाराकडे बघत उभी. मग आत गेले, ते कार्ड काढलं, बोटाला तेल लावून त्यावरच्या कुंकवावर घासलं. बोट लाल झालं.

कार्डाने मला परत दिलं ते एवढंच. ते बोट मी स्कूटरच्या कपाळावर टेकवलं आणि म्हटलं, "आता फिरवा."