पेज मिसळलेलं दूध

नवोतास या मासळी बंदराच्या गावातल्या पाळणाघरात लुडिविना केस पिकेपर्यंत बाळांना दूध पाजत आली. बाळं सोडायला येणाऱ्या सगळ्या बायका तिला नानाय म्हणत, म्हणजे आई. घरून कालवलेलं दूध तिथे चालत नाही. पावडरीचा डबा आणायचा, दूध पाळणाघरातच उकळलेल्या पाण्यात मापाने कालवायचं, असा नियम.

मासळीच्या कारखान्यात जाणाऱ्या जोवेलिनने तरी बाळासोबत घरून भरलेली बाटलीच पुढे केली. नानायने झाकण काढून वास घेतला.

"भाताची पेज घातलीस गं यात."

"थोडीशीच. तुमची पोरं कशावर वाढली, नानाय?"

"पेजेवरच. धाकटं गेलं."

जोवेलिनने बाळ तिच्या हातात दिलं. "आजच्या दिवस वास आला नाही असं समजा ना."

"कालही तसंच समजले. वजन बघ याचं, उतरत चाललंय. डबा आण, पोरी."

"कुठून आणू? आणि आज खाडा झाला तर कामावरून काढतील."

"डब्याशिवाय मला घेता येत नाही."

जोवेलिनने बाळाला परत कडेवर घेतलं. "मग थोरलीला शाळेतून काढते. ती सांभाळेल."

"आणि पाजेल काय?"

"पेजच. दुसरं काय?"

नानायने बाटलीला झाकण लावून ती जोवेलिनच्या हातात परत दिली.