काकूंची मींड

फिडलवाल्या काकूंच्या तोंडून ‘सॉरी’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ज्या देशात बसमध्ये दुसऱ्याचा बूट आपल्या पायावर पडला तरी आपणच सॉरी म्हणायचे असते, त्या देशात त्यांनी पन्नास वर्षे काढली होती. वाजवताना एखादा सूर निसटला, की पुढच्या फेरीत त्याच जागी येऊन तो त्या अधिक दाबून लावीत आणि समोरच्याकडे असे पाहत, की आपल्याच ऐकण्यात काही कमी राहिले असावे असे त्याला वाटे.

‘फिडलवाल्या’ हे नाव त्यांना ग्लासगोच्या मराठी मंडळींनी दिले होते, आणि ते कौतुकाने दिलेले नव्हते. काकू सांगलीच्या. वडिलांनी लहानपणी व्हायोलिन शिकवले ते आपल्या पद्धतीने, मांडी घालून, वाद्याचे डोके पावलावर टेकवून. ऐन विशीत त्या नर्स म्हणून इथे आल्या आणि पुढे मिडवाइफ म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या पहिल्या हॉस्पिटलात ह्यू नावाचा एक पोर्टर होता, आयर्लंडच्या डोनेगलकडचा. जेवणाच्या सुट्टीत तो धुलाईघरामागे फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवीत बसे. उकळत्या चादरींच्या वाफेतून तो आवाज काकूंनी ऐकला आणि तडक जाऊन त्याच्यापुढे हात केला. वाद्य हातात येताच त्या जमिनीवर बसल्या. ह्यू पोट धरून हसला आणि त्याने त्यांना खुर्ची दिली. “खुर्चीवर बसून वाजवायला तिथं शिकले,” काकू सांगत. “तेवढंच बदललं.”

एका गणेशोत्सवात त्यांनी हॉलमध्ये एकामागून एक तीन आयरिश धुना वाजवल्या. मुले नाचू लागली, मोठी माणसे मोदकांच्या ताटांकडे पाहत राहिली. एक गृहस्थ शेवटी अदबीने म्हणाले, “काकू, आता आपलं काहीतरी होऊ द्या ना.” काकूंनी गज खाली घेतला. “हे माझं आहे. लग्नाच्या आधीपासून वाजवतेय. आणखी किती वर्षं वाजवलं म्हणजे आपलं होतं, तेवढं सांगा, म्हणजे तितकी वर्षं जगते.” आणि चौथी धून सुरू केली.

मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे त्यांचे स्वयंपाकघर हीच शाळा. तिथे फोडणीतल्या हिंगाचा वास आणि गजाला लावायच्या राळेचा वास एकमेकांत मिसळून एक तिसराच, कडवट सोनेरी वास तयार होई. आजही तो कुठे आला की माझी बोटे आपोआप वाकतात. पहिल्याच दिवशी मी वहीत सरगम लिहू लागले. काकूंनी वही उचलली, फ्रीझर उघडला आणि मटारच्या पिशवीखाली ठेवून दिली. “तिथं टिकेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला कांदे चिरायला बसवले आणि तीच धून गुणगुणत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायचे थांबेतो धून कानात उतरली होती.

रविवारी दुपारी पबच्या एका कोपऱ्यात सेशन भरे. आठ-दहा वादक गोल करून बसत. समोर ना कागद, ना मंच. काकू आपला ओला लोकरी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून काळा चहा मागवीत. त्या मंडळींची एक रीत मला फार आवडे. अनोळखी धून वाजली, की ती कोणाकडून मिळाली हे विचारले जाई आणि वादक ते नाव घेऊन सांगे. काकू ह्यूचे नाव घेताना कानाच्या पाळीला बोट लावीत. सांगलीत वडिलांनी लावलेली ती सवय त्या पबमध्ये दुसऱ्या कोणाला कळत नसे, आणि काकू कोणाला समजावतही नसत.

ह्यूने दिलेली एक रील, म्हणजे धावत्या लयीची नाचाची धून, फक्त काकूंकडे उरली होती. ह्यू केव्हाच वारला होता. काकूंनंतर ती येणारी मी एकटी. तिच्या दुसऱ्या भागात काकू गंधारावरून पंचमावर मींड घेत. आयरिश फिडल वाजवणारे सहसा हात वाद्याच्या मानेवर जागचा हलवत नाहीत, बोटेच काय ती नाचतात. काकूंचा हात मात्र तिथे सरकत वर जाई. लय तसूभरही न ढळता सूर मधल्या साऱ्या रंगांतून वाहत पंचमाला टेके. संध्याकाळी आभाळाचा केशरी रंग जांभळ्यात उतरतो, आणि तो नेमका कुठे बदलला ते सांगता येत नाही, तसे.

सेशनचा म्होरक्या होता कॅलम, एक तरुण संगीतशिक्षक. शहरातल्या आयरिश वादकांच्या दुर्मीळ धुना तो रेकॉर्ड करून ठेवत होता. ह्यूची रील त्याला हवीच होती. तोवर काकूंची बोटे संधिवाताने आखडू लागली होती, म्हणून मी वाजवावी असे ठरले. एकच अट त्याने हळुवारपणे घातली: ती मींड तेवढी नको. ह्यू काही तशी वाजवत नसणार; ती तुमच्याकडची आहे.

त्या दिवशी बसस्टॉपवर मी काकूंना म्हटले, की मींड गेली तरी निदान धून तरी राहील.

“माझं इंग्रजी सुधारायला इथं सगळे आले,” त्या म्हणाल्या. “मेट्रन आली, शेजारीण आली, माझी स्वतःची मुलगी आली. फिडलमध्ये माझा उच्चार राहिला तर कोणाचं काय जातं? आणि ह्यूचं मला सांगू नकोस. वर्षभर तो ही मींड माझ्या हातातून काढू पाहत होता. मग एक दिवस पाहिलं, तर त्याचाच हात वर सरकत होता.”

“हे कॅलमला सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाला, त्याचा पुरावा नाही. मी म्हटलं, पुरावा तुझ्यासमोर बसून चहा पितोय.”

रेकॉर्डिंग एका शाळेच्या वर्गात झाले. काकू मागच्या बाकावर कोट न काढता बसल्या. दोनदा मी मींड घेतली आणि दोनदा कॅलमने थांबवले. दोन्ही वेळा हसून, दोन्ही वेळा माफी मागून. तिसऱ्यांदा माझा हात जागीच राहिला. सूर स्वच्छ लागले, पायरीपायरीने. कॅलम खूश झाला. काकू हातमोजे चढवत पुढे आल्या.

“कोणाची वाजवलीस?”

“ह्यूची.”

“नाही. कोणाचीच नाही.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी कॅलमला ते रेकॉर्डिंग पुसायला सांगितले. त्याने दोनदा विचारले, मग पुसले. त्याच्या संग्रहात ह्यूची रील नाही.

पुढच्या वर्षी मुलगी त्यांना इंग्लंडात, मिल्टन कीन्सला घेऊन गेली. त्यांच्या बोटांनी फिडल आता वाजत नव्हती. कोणा गरजूला द्यावी, असे मुलीने सुचवले. “गरजू मीच आहे,” म्हणून काकूंनी ती मांडीवर घेतली आणि ट्रेनमध्ये चढल्या. फोनवर त्या मला रील वाजवायला लावत आणि मींडेच्या जागी येताच श्वास रोखून धरत. तो थांबलेला श्वास मला इकडे ऐकू येई. गेल्या फाल्गुनात मुलीचा फोन आला, काकू गेल्याचा.

त्यानंतरच्या रविवारी मी सेशनला गेले. तिथे धून तीनदा वाजवतात आणि पुढच्या वादकाला वाट देतात. धून एकट्यालाच येणारी असेल, तर त्या तीन फेऱ्यांचीही भीड वाटते. मी रील सुरू केली. कोणी साथीला आले नाही. पहिल्या फेरीत हात सरकताना कॅलमने मान वर केली. तिसरी फेरी संपताच त्याने रीतीप्रमाणे विचारले, “कोणाकडून मिळाली?”

“ह्यूकडून काकूंना. काकूंकडून मला.”

“आणि ती मींड?”

“ती काकूंकडून ह्यूला,” मी म्हणाले, आणि त्याने आपला गज उचलण्याआधी चौथी फेरी सुरू केली.