साहेबांची रील, आमची गॅलरी

आम्ही बायका जिन्यावर लसूण सोलायला बसलो की खासदारसाहेबांचा एक तरी किस्सा निघतोच. जुना संपायच्या आत नवा तयार! बाकीच्या हसतात. मी नाही हसत. आमची लालबागची चाळ गिरणीच्या जागेवर, गिरणी केंद्र सरकारची. पहिल्या मजल्याची गॅलरी लोखंडी टेकूंवर उभी. माझी मुलगी रोज तिच्याखालून शाळेला जाते. दुरुस्तीचं दिल्लीतच विचारायला हवं. साहेब म्हणाले होते, "विचारतो ना, माझ्यावर सोडा!"

सोडलं.

*

अधिवेशन लागलं. आम्ही सगळ्या कामं टाकून टीव्हीसमोर. अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. बाक रिकामा!

तेवढ्यात शेजारच्या सुमनचा मोबाईल वाजला. साहेबांची नवी रील. संसदेच्या पायऱ्या, काळा गॉगल, मागे ढोल-ताशे. खाली लिहिलेलं, "गिरणगावाचा आवाज दिल्लीत घुमला!"

सुमन म्हणाली, "पायऱ्यांपर्यंत गेला ना मेला, मग आत जायला काय पालखी पाठवायची?"

*

मी त्या रीलखाली लिहिलं, "साहेब, आमच्या गॅलरीचं काय?" लगेच उत्तर! जोडलेले दोन हात आणि एक लाल बदाम.

सासूबाईंना दाखवलं. त्या मालवणच्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "ह्या बदामार गॅलरी उभी रवतली काय गो?"

*

मग मी थेट परळच्या ऑफिसात गेले. पीए म्हणतो, "ताई, सभागृहात दोन मिनिटं मिळतात. तिथे ऐकतं कोण? रील लाखो लोक बघतात."

मी म्हटलं, "त्या लाखांतला एक तरी दुरुस्तीच्या कागदावर सही करणार का? मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं ते सभागृहात! चौथी शिकलेय मी, तरी मला कळतं!"

तर म्हणतो, "ताई, हाच राग कॅमेऱ्यासमोर द्या ना. मस्त दिसेल!"

*

परवा साहेब स्वतः चाळीत आले. लाईव्ह करायला! पटांगणात मधोमध उभे, भर उन्हात. छातीवर हात ठेवून सुरू झाले, "माझ्या मायबहिणींच्या डोक्यावरचं छप्पर, तेच माझं छप्पर! काळजी करू नका, तुमचा भाऊ आहे!"

मी म्हटलं, "मग साहेब, असे लांब उन्हात कशाला? इकडे सावलीत या की, गॅलरीखाली. माझी मुलगी रोज इथूनच जाते."

साहेबांनी वर बघितलं. दोन पावलं मागे सरकले.

"ओ ताई, वेड लागलंय का? डोक्यावर कोसळेल ना ती!"

लाईव्ह चालूच होतं.